चौथा मग

त्या दिवशी पाणी निवळलं, तर जावईबापूंच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. कारखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा तर होताच. तो सासऱ्यांच्या कमरेला इतकी वर्षं लटकत होता की काढून घेतला तर म्हातारा दुसऱ्या बाजूला कलेल, अशी कामगारांत चेष्टा चाले. किल्ल्यांबरोबर रस्त्याकडची खोली मिळणार होती. सध्याची खोली मोठ्या करवतीच्या बरोबर डोक्यावर, आणि तिथे नवरा-बायकोला भांडायचं झालं तरी सुट्टीच्या दिवसाची वाट बघावी लागे. पण खरी कमाई म्हणजे 'जावईबापू' या हाकेतला पाक आटणार होता. बायकोच्या माहेरी राहणाऱ्या माणसाला ती हाक कुठे लागते, हे मारणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर ते ती मारतात.

पाणी नाही निवळलं, तर कारखान्याला सील. सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी हे जेवताना एका वाक्यात सांगून टाकलं होतं. "तपासनीसबाईंनी पाणी पास केलं की किल्ल्या तुमच्या, जावईबापू. नाही केलं तर कुलूपच त्यांचं. मग आपल्या किल्ल्या घेऊन काय कान कोरायचे?"

करड्या, कठीण दगडाच्या लाद्या कापायचा हा कारखाना. करवतीवर सारखं पाणी सोडावं लागतं, आणि ते पाणी दगडाची पिठी घेऊन पांढरंफेक होऊन खाली येतं. कामगार त्याला दगडाचं दूध म्हणत. हे दूध मागच्या सिमेंटच्या टाकीत जायचं, तिथे पिठी तळाला बसायची आणि वरचं स्वच्छ पाणी पाइपातून ओढ्यात पडायचं. म्हणजे तसं पडायला हवं होतं. दोनदा ओढा पांढरा झाला, दोनदा नोटीस आली, आणि आता तपासनीसबाई स्वतः येणार होत्या. त्यांची अट साधी होती. करवती चालू हव्यात आणि पाइपातलं पाणी स्वच्छ हवं, दोन्ही एकदम.

पिठी तळाला बसवायची ती पॉलिमरने. पांढरी पूड ड्रममध्ये भिजत घातली की दुसऱ्या दिवशी तिचा तार सुटणारा बुळबुळीत द्राव होतो. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं होतं चीक. पूड जावईबापूंनीच आणली होती, आणि खरं म्हणजे त्यानंतर ओढा एकदाही पांढरा झाला नव्हता. कॉलेजात शिकलेलं रसायनशास्त्र सासरी पहिल्यांदाच कामाला आलं, आणि ते त्यांनी मुठीत गच्च धरून ठेवलं. रोज संध्याकाळी एकच मग टाकायचा, तोही भरून नव्हे. कुठवर भरायचा ते मात्र सांगायचं नाही. मग भरताना ते सगळ्यांकडे पाठ फिरवत. कोणी विचारलंच तर म्हणत, "अंदाज असतो तो." ज्या माणसाचं त्या घरात स्वतःचं असं एवढं एकच काही होतं, तो ते वाटत कशाला फिरेल?

राहिला मेहुणा. अण्णांचा मुलगा, बायकोचा धाकटा भाऊ. बोलणं इतकं कमी की लहानपणापासून नाव घुम्या पडलं ते पडलंच. मोठी करवत त्याची. त्या आठवड्यात तिच्यावर एक रुंद, पातळ लादी कापली जात होती. दुसऱ्या गावातल्या एका नामांकित शिल्पकाराने ती मागितली होती आणि सांगितलं होतं, एवढी पातळ लादी अखंड कापून आणशील तर माझ्याकडे भागीदार म्हणून ये. घुम्याला बापाच्या किल्ल्या नकोच होत्या. त्याला जायचं होतं. हे त्याने फक्त ताईला सांगितलं, ताईने नवऱ्याला सांगितलं, आणि जावईबापू हसले. "किल्ल्या कोणाला नको असतात?" ते म्हणाले. माणूस दुसऱ्याची भूक स्वतःच्या पोटावरून मोजतो, त्यात नवल नाही.

तर, तपासणीचा दिवस उजाडला. लहान करवती सुरू झाल्या, दूध टाकीत पडू लागलं, आणि जावईबापू टाकीच्या काठाशी उभे राहिले. रोज तासाभरात वरचा थर असा निवळे की तळाचा गाळ दिसे. आज पाणी पांढरंच. त्यांनी काठी घालून बघितली. काठीचं टोक बुडताक्षणी दिसेनासं झालं.

"बसत नाहीये," मुकादम मागून म्हणाला. त्याला वाईट बातमी दुसऱ्याच्या आधी सांगायची आवड होती.

"दिसतंय मला."

अण्णा आले, वाकले, आणि म्हणाले, "मग थांबलात कशाला? अजून चीक ओता!"

ओतण्यासाठी जावईबापूंचा हात ड्रमकडे गेलाही. पण तो तिथेच थांबला. ड्रममधला चीक कालच्यापेक्षा बराच खाली गेला होता.

त्यांनी काचेचे ग्लास मागवले. बायको स्वयंपाकघरातून होते नव्हते तेवढे घेऊन आली आणि पदराने पुसत काठावर मांडू लागली. सगळ्यांत टाकीतलं पाणी भरलं. पहिल्यात चिकाचे थेंब टाकून ढवळलं. काही नाही, उलट अजून घट्ट पांढरं. दुसऱ्यात चीक टाकलाच नाही. जमिनीवरची कोरडी पिठी चिमटीत धरून तीच टाकली आणि ढवळली. सगळे वाकून बघत राहिले. आधी काही होईना. मग पाण्यात बारीक कण दिसू लागले, कणांची पिसं झाली, पिसं जड झाली, आणि एकेक करत खाली बसली. ग्लासाच्या पलीकडे अण्णांची मिशी स्वच्छ दिसू लागली.

"घाण टाकली आणि पाणी निवळलं?" अण्णा म्हणाले. "हे काय डोंबाऱ्याचे खेळ?"

"चीक जास्त झालाय, अण्णा. घाण कमी पडतेय."

"कारखाना दगडाचा, आणि घाण कमी पडतेय! जावईबापू, बाई दारात येतील आत्ता. माणसाला कळेल असं बोला."

जावईबापूंनी बोटाने हवेत एक लांब रेघ ओढली. एवढ्या घाईतही शिकवायची हौस काही कमी झाली नव्हती. "चीक म्हणजे लांबच लांब दोरा समजा. दोऱ्यावर जागोजागी धन भार. पुडीत असतो तोवर प्रत्येक धन भाराला एकेक बारीकसा ऋण आयन चिकटून असतो, म्हणून दोरा गुंडाळी करून गप्प पडलेला. पाण्यात गेला की त्यातले बरेचसे आयन सुटून भटकायला जातात, थोडे आसपास घुटमळतात. मग दोऱ्यावरचे सगळे धन भार एकमेकांना ढकलायला लागतात आणि दोरा ताणून उघडतो. म्हणून तर चिकाला तार सुटते. आता दगडाच्या पिठीवर असतो ऋण भार. पिठीचे कण एकमेकांना दूर ठेवतात, म्हणून ते नुसते तरंगत राहतात. दोरा त्यांना धरतो, भार फिटतात, कण एकत्र येतात, बुडतात."

"हे रोजचं झालं. आजचं सांगा."

"दोरा जास्त झाला की एकेका कणाला नखशिखांत गुंडाळून टाकतो. आधी सगळे कण ऋण होते, आता सगळे धन. पुन्हा एकमेकांना ढकलतात, पुन्हा तरंगतात. अजून चीक टाकला तर अजून तरंगतील. आपण आठवडाभर बघत बसलो तरी खाली येणार नाहीत."

"शाळा सुटली?" अण्णा म्हणाले. "मग एवढंच सांगा, जास्त टाकला कोणी?"

जावईबापू वळले. घुम्या मोठ्या करवतीजवळ उभा राहून पातं कापडाने पुसत होता. आज त्याची करवत बंद होती; लादीचा शेवटचा भाग उरला होता, आणि तो अगदी सावकाश, बाई गेल्यावर शांतपणे कापायचा असं ठरलं होतं.

"ते मला विचारू नका," जावईबापू मोठ्याने म्हणाले. "पाणी बिघडून किल्ल्या मला मिळाल्या नाहीत, तर फायदा कोणाचा, एवढंच बघा. संध्याकाळी सगळ्यांच्या मागे इथे कोण थांबतं? करवतीपाशी कोण असतं?"

लहान करवतींवरचे कामगार मान न वळवता ऐकू लागले, म्हणजे पूर्ण लक्ष देऊन. घुम्याने कापड झटकलं. जावयाकडे बघितलं. परत पातं पुसू लागला.

"बोल की! रोज बोलत नाहीस, आज तरी बोल. टाकलास ना तू?"

"अहो," बायको म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस. भाऊ आहे म्हणून..."

"अहो, मी टाकला." तिने हातातला ग्लास खाली ठेवला. "एक मग. काल दिवेलागणीला. तुमच्यासाठी एवढं मोठं काम, आणि तुम्ही मग अर्धाच टाकता. मला वाटलं, एक दिवस तरी हात सैल असावा."

जावईबापूंनी ड्रमकडे बघितलं. तेवढ्यात अण्णांना खोकला आला. तो खोकला घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता; गोडाचा डबा रिकामा सापडला की येई.

"अण्णा?" लेक म्हणाली.

"एकच," अण्णा म्हणाले. "तोही पूर्ण भरला नव्हता. आता मला काय माहीत तू पण टाकलास? कोणी सांगतं का इथे कोणाला काही?"

मुकादमाने टोपी काढून पुन्हा घातली. "मालक, सील लागलं तर आमची पण चूल बंद. मी म्हटलं, आपला पण एक हातभार."

"सासूने घातलं, सुनेने घातलं, आणि शेजारीण चव बघायला आली तर तिनेही मीठ घातलं," लेक पुटपुटली, आणि हसू दाबावं की रडू ते तिला कळेना. जावईबापूंना दोन्हीपैकी काहीच आलं नाही. घुम्याची माफी मागायची ती हीच वेळ होती. ती आली आणि गेली.

"मीठ!" मुकादमाने शब्द पकडला. "आमच्या आधीच्या कारखान्यात पाणी बसलं नाही की मीठ मारायचे. गोणी आणू?"

जावईबापू थबकले. मिठाने काम झालं असतं. मिठाचे आयन भारांभोवती गर्दी करतात, ढकलाढकली झाकली जाते, ताणलेला दोरा आखडतो, कण जवळ येतात. त्यांच्या डोळ्यांपुढे स्वच्छ टाकी उभी राहिली, आणि किल्ल्याही. पण पाठोपाठ तपासनीसबाईंच्या पिशवीतलं यंत्र उभं राहिलं. ते पाण्यात बुडवलं की विरघळलेल्या क्षाराचा आकडा दाखवतं.

"नको. दूध म्हणून सोडतील आणि खारट म्हणून धरतील. झाडू घ्या सगळ्यांनी. कोरडी पिठी मिळेल तेवढी गोळा करा. टाकीच्या तळाचा गाळ नका घेऊ, त्याचे भार आधीच फिटलेत, तो काही कामाचा नाही. कोपरे झाडा, खिडक्या झाडा!"

इतकी वर्षं ज्या कारखान्यात झाडू मारा म्हणून कंठशोष करावा लागे, तिथे त्या सकाळी अण्णांनीसुद्धा सुपलीत पिठी भरली. घमेली भरून टाकीत पडू लागली. पांढऱ्या पाण्यात एका कोपऱ्यात पिसं दिसायला लागली. आणि तेवढ्यात पुढच्या फाटकाची कडी वाजली.

"मी बसवते त्यांना," बायको म्हणाली आणि केस सारखे करत निघाली. जाता जाता थांबून नवऱ्याला म्हणाली, "कागद दाखवायला जेवढा वेळ लागतो तेवढा. जास्त नाही जमणार. बाई चहा घेत नाहीत."

पिठी संपली. कोपरे इतके स्वच्छ झाले की ओळखू येईनात. टाकीचा एक कोपरा निवळला होता, बाकी पांढरंच होतं. लहान करवतींची पिठी थेंबाथेंबाने येत होती; तिच्या भरवशावर दुपार उलटली असती. पोतंभर ताजी पिठी एका दमात देईल अशी करवत एकच होती.

सगळ्यांनी तिकडे बघितलं. मग सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं.

त्या करवतीवर दुसरा दगड चढवायचा तर साखळ्या, पुली, अर्धा दिवस. चढवलेला दगड होता तो घुम्याचा. पातं जोरात रेटलं तर पिठीचा लोट येणार होता. आणि पातळ लादीला असं रेटलं तर काय होतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

अण्णा मुलाकडे गेले आणि किल्ल्यांशी चाळा करत उभे राहिले. घुम्याने त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"दाजी," तो म्हणाला. कामगारांनी करवतींच्या आवाजातही ते ऐकलं. "तुम्ही सांगा. चालू करू?"

जावईबापू जवळ गेले. घुम्याने आवाज खाली घेतला. "काल संध्याकाळी मी इथेच होतो. दगडाच्या मागे, पातं बसवत होतो. ताई येऊन गेली. मुकादम येऊन गेला. अण्णा येऊन गेले. त्यांना बघितलं तुम्ही?"

"नाही," जावईबापू म्हणाले.

"नाहीच. तुम्ही नंतर आलात."

आता सांगून टाकायला हवं. चौथा मग जावईबापूंचा होता. रोजचं माप घालून झालं होतं, सगळं व्यवस्थित होतं, आणि तरीही जेवायला जाताना त्यांचे पाय परत फिरले होते. दोरा, भार, आयन, सगळं पाठ असलेल्या त्या माणसाने अंधारात मग बुडवला, काठोकाठ भरला, आणि देवाला नमस्कार करावा तसा हळूच टाकीत सोडला. भीतीला रसायनशास्त्र येत नाही.

फाटकाकडून बायकोचा आवाज जवळ येऊ लागला. नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होती, म्हणजे बाई तिच्या शेजारीच होत्या.

"सांगा, दाजी."

ते कबूल करायला अजून जागा होती. एक वाक्य, सगळ्यांसमोर. मोठ्याने. जावईबापूंनी ओठ ओले केले आणि म्हणाले, "कर."

घुम्याने मान हलवली, जणू माप बरोबर निघालं. बटण दाबलं, हँडल धरलं आणि रेटलं.

दगडाने किंकाळी फोडली. पात्याखालून दुधाचा लोट उसळला, पन्हळीतून धावला आणि टाकीत कोसळला. जावईबापू काठी घेऊन ढवळत सुटले. तपासनीसबाई कानांवर हात ठेवून आत आल्या आणि त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "आज सगळं जोरात दिसतंय."

"हो मॅडम," अण्णा ओरडले. "कामाचा दिवस आहे!"

टाकीत पिसं धरू लागली. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, ढग फाटावा तसं पाणी फाटत गेलं. बाई पाइपाच्या तोंडाशी जाऊन बसल्या. पिशवीतून काचेची लांब नळी काढली. तिच्या तळाशी काळी फुली काढलेली होती. नळीभर पाण्यातून फुली दिसली तर पास. त्यांनी नळी पाइपाखाली धरली. पहिलं पाणी मळकट आलं. बाईंनी ते ओतून दिलं आणि नळी विसळली. जावईबापूंचा हात काठीवर तसाच राहिला. बाईंनी पुन्हा धरली. भरली. डोळा लावला. नळी जराशी तिरकी केली, उजेडाकडे वळवली.

आणि मागे करवतीवर काहीतरी तडकलं. फार मोठा आवाज नव्हता. वाळलेली काटकी मोडावी एवढाच. पण किंकाळी एकदम थांबली, कारण घुम्याने बटण बंद केलं होतं.

"दिसतेय," बाई म्हणाल्या. क्षाराचं यंत्र बुडवलं, आकडा बघितला, लिहून घेतला. "काय झालं तिकडे?"

"काही नाही मॅडम," घुम्या म्हणाला. "काम संपलं."

लादी आडवी तडकली होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत. ताईने त्या भेगेवरून बोट फिरवलं आणि मग पदर तोंडाशी धरला. शिल्पकाराकडे दुसरी लादी कोणीतरी दुसऱ्याने नेली. घुम्या अजूनही मोठ्या करवतीवरच आहे.

किल्ल्या त्याच संध्याकाळी मिळाल्या. अण्णा कलले नाहीत. कामगारांची निराशा झाली. रस्त्याकडच्या खोलीत बायकोने पहिल्या दिवशी सामान लावलं आणि रात्रीचं जेवण वाढताना विचारलं, "ड्रम धुताना आतली चिकाची खूण बघितली मी. तीन मगांनी तो एवढा खाली जात नाही. हो ना?" जावईबापूंनी पोळीचा तुकडा मोडला आणि मीठ मागितलं. तिने मीठ त्यांच्या हाताशी ठेवलं आणि पुढे काही विचारलं नाही. त्या खोलीत आवाज नव्हता, भांडायला कोणतीही वेळ चालली असती. ती भांडली नाही, आणि हे त्यांना करवतीपेक्षा जड गेलं.

मगाच्या आत आता लाल रंगाची रेघ आहे. जावईबापूंनीच काढली, आणि भरताना ते पाठ फिरवत नाहीत. चिकाचा ड्रम तडकलेल्या लादीच्या अर्ध्या तुकड्यावर ठेवलाय, म्हणजे रोज मग बुडवायला त्यांना तिथे वाकावं लागतं.

तेव्हा हिशेब असा. एक मग लेकीने टाकला, तिने कबूल केला. एक अण्णांनी, एक मुकादमाने. तेही कबूल झाले. चौथा कबूल झालेला नाही. जावईबापूंना किल्ल्या मिळाल्या, खोली मिळाली, आणि हाकेतला पाक खरोखरच आटला. आता कामगार त्यांना साहेब म्हणतात. दाजी म्हणणारा एकच होता. तो आता काहीच म्हणत नाही. त्या संध्याकाळी टाकीत एक थेंबही न टाकलेला माणूस तोच, आणि भरपाई केली तीही त्यानेच.